चौदावा चिंचोका

बदललं होतं ते फक्त मुखपृष्ठावरचं नाव. आतलं सगळं राजेश्वरीचं होतं, अगदी सोळाव्या पानावरच्या तळटीपेसकट. वर ठळक अक्षरांत छापलं होतं : ‘पहिला तास. नवीन प्राध्यापकांसाठी सहा दिवसांचा प्रशिक्षण अभ्यासक्रम. रचना : डॉ. कृष्णराज, संचालक, अध्यापक प्रशिक्षण कक्ष, बालाघाट विद्यापीठ, धाराशिव.’ आणि शेवटच्या पानावर, आभाराच्या यादीत, शिपाई ज्ञानोबांच्या नावाखाली एक ओळ : ‘टंकलेखन साहाय्य : राजेश्वरी मॅडम.’

टंकलेखन! सहा वर्षं ही बाई जिल्हाभरच्या कॉलेजांत शेवटच्या बाकावर बसली होती. पहिल्या वर्षाची, मराठी शाळांतून आलेली पोरं पहिल्याच आठवड्यात वर्गातून कशी गळतात, ते तिने तास न् तास लिहून काढलं होतं. मुरुमहून निघणारी पहाटेची एस.टी. तिने किती वेळा पकडली, ते तिच्या आईला विचारावं. त्यातून हा अभ्यासक्रम उभा राहिला. कुठे थांबायचं, कुठला प्रश्न कुणाला विचारायचा, फळ्याकडे तोंड करून किती वेळ बोलायचं नाही, सगळं तिने ठरवलं, करून बघितलं, मोडलं आणि पुन्हा ठरवलं. आणि हे गृहस्थ, ज्यांनी सहा वर्षांत कार्यशाळेच्या दारातून एकदाच डोकावून पाहिलं होतं, ते आता रचनाकार झाले होते.

ती तक्रार घेऊन गेली, नाही असं नाही. कृष्णराज सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “मॅडम, तुम्ही अकरा महिन्यांच्या करारावर. समितीपुढे कराराच्या माणसाचं नाव चालत नाही. आणि खरं सांगू का, कोर्स आता तयार झाला. एकतीस मार्चनंतर तुमचं इथं तसं काम उरत नाही.”

म्हणजे सरळ हिशेब होता. पंधरा दिवसांनी बाहेरून तिघांची समिती येणार होती. समितीने मान्यता दिली की अभ्यासक्रम विद्यापीठाच्या झाडून सगळ्या कॉलेजांत लागणार, कायमचा, कृष्णराजांच्या नावाने. आणि जिने तो केला ती घरी. राजेश्वरी खोलीबाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. ज्ञानोबांनी न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला.

“सायेब काय म्हनले?”

“काही नाही, ज्ञानोबा. चिंचोके आणून ठेवा म्हणाले. समितीच्या दिवशी लागतील.”

सरांनी तसलं काही सांगितलं नव्हतं. पण तिला तेव्हाच काहीतरी सुचलं होतं, आणि एकदा सुचल्यावर ते डोक्यातून जाईना.

चिंचोक्यांचं असं होतं. नवीन प्राध्यापक एकमेकांच्या चुका तोंडाने दाखवत नाहीत. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसतात, आणि बाहेर चहाच्या टपरीवर सगळं बोलतात. राजेश्वरीने त्यावर साधा उपाय काढला होता. प्रत्येकासमोर एक स्टीलची वाटी, शेजारी पंधरा चिंचोके. समोर कुणी नमुन्याचा तास घेत असताना शिकवण्यातली चूक दिसली की तोंड उघडायचं नाही. चिंचोका वाटीत टाकायचा. शेवटी वाट्या मोजायच्या आणि मग बोलायचं. चिंचोके ज्ञानोबांच्या लोहाऱ्याकडच्या शेतातल्या चिंचेचे असत. पहिल्या दिवशी पोरं बिचकत, तिसऱ्या दिवशी हात आपोआप वाटीकडे जाई.

कृष्णराजांनी दारातून डोकावलं होतं ते नेमकं अशाच वेळी. टण टण आवाज, हसणारी तोंडं. अहवालात त्यांनी मोठ्या झोकात लिहिलं : ‘अध्यापनातील प्रभावी क्षण जाणवताच सहभागी वाटीत चिंचोका टाकून दाद देतात.’ अहवाल तपासायला राजेश्वरीकडेच आला. तिने ते वाक्य दोनदा वाचलं. मग आजूबाजूचे स्वल्पविराम नीट केले आणि वाक्य होतं तिथेच, तसंच ठेवलं.

हा झाला एक भाग. दुसरा भाग जुना होता, एकवीस वर्षं जुना, आणि त्याचं नाव होतं नमुना धडा चौथा.

अभ्यासक्रमात सहा नमुना धडे होते. पाच चांगले. चौथा जाणूनबुजून वाईट. सहभागींच्या प्रतीत तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं, कारण वाईट आहे हे त्यांनीच ओळखायचं होतं. ते लिहिलं होतं फक्त हिरव्या पुठ्ठ्याच्या मार्गदर्शकाच्या वहीत : ‘या धड्यात शिक्षकाच्या बारा चुका पेरल्या आहेत. यादी मागील पानावर.’ ती वही राजेश्वरीने सरांना रीतसर नोंदवून दिली होती. तिच्यावर आता मनी प्लँटची बाटली असायची.

आणि हा चौथा धडा तिने मनाने रचलेला नव्हता. तो तास होऊन गेला होता. दोन हजार चार साली, जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, रसायनशास्त्राच्या पहिल्या आठवड्यात. शिकवणारे होते तेव्हाचे तरुण प्राध्यापक कृष्णराज. तिसऱ्या बाकावर राजेश्वरी बसली होती आणि तिच्या शेजारी लोहाऱ्याची चांगुणा. बौद्ध वस्तीतली, बारावीला सायन्समध्ये तालुक्यात दुसरी आलेली, नव्या वह्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घालून आणलेली. सरांनी विचारलं, कॅटॅलिस्ट म्हणजे काय. चांगुणाने हात वर केला, उभी राहिली आणि म्हणाली, “उत्प्रेरक, सर.”

बरोबर उत्तर होतं. शाळेत ते तसंच शिकवलं होतं.

“हे काय, देवाचं नाव आहे का?” सर म्हणाले, आणि ऐंशी पोरांचा वर्ग खो खो हसला. मग त्यांनी तिला गाव विचारलं, मार्क विचारले, फी भरली की माफ आहे ते विचारलं. उभीच ठेवून विचारलं. शेवटी ‘बस’ म्हणाले, आणि वर एक वाक्य म्हणाले. सोमवारी चांगुणा आली नाही. त्यानंतर कधीच आली नाही.

राजेश्वरीने तो तास जसाच्या तसा कागदावर उतरवला होता, फक्त ते शेवटचं वाक्य सोडून. ते तिच्या हातून लिहवलं नाही. आणखीही एक गोष्ट होती. सहा वर्षांपूर्वी लोहाऱ्याच्या जीपमध्ये चांगुणा अचानक भेटली होती, मांडीवर शिलाईच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन. तेव्हा ती जे बोलली, ते राजेश्वरीने कुणालाच सांगितलं नव्हतं. वहीतही उतरवलं नव्हतं.

कृष्णराज सरांना हे काहीच ठाऊक नव्हतं. राजेश्वरी आपली विद्यार्थिनी होती, हेही त्यांच्या गावी नव्हतं. पहिल्या वर्षी तिने एकदा सांगून पाहिलं, तेव्हा ते ‘असं होय, छान छान’ म्हणाले आणि फोन उचलला.

समिती यायच्या आदल्या दिवशी त्यांनी तिला बोलावलं. कार्यशाळा चालूच होती, तिसरा दिवस होता. “उद्या मी स्वतः तास घेऊन दाखवणार,” ते म्हणाले. “समितीला नुसतं पॉवरपॉइंट नको, प्रत्यक्ष हवं. कुठले धडे उरलेत?”

तिने चौथा, पाचवा, सहावा टेबलावर ठेवले. सरांनी पाचवा चाळला आणि बाजूला सारला. सहाव्यात शिक्षक एक प्रश्न विचारून पूर्ण एक मिनिट गप्प राहतो. “हे काय, नुसतं उभं राहायचं?” तोही गेला. मग चौथा हातात घेतला आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा खुलत गेला.

“हा बघा! याला म्हणतात तास. शिक्षकाचा वचक आहे, विनोद आहे, पोरं हसतायत. असाच घ्यायचो मी.”

राजेश्वरीने पाचवा आणि सहावा धडा उचलून फाईलमध्ये ठेवला.

“सर,” ती म्हणाली, “एकदा हिरवी वही बघून घ्या. चौथ्या धड्याबद्दल त्यात सूचना आहेत.”

तिने हे मुद्दामच, ज्ञानोबा चहा घेऊन उभे असताना सांगितलं. उद्या कुणी म्हणायला नको की बाईंनी सांगितलं नाही. आणि ते काय उत्तर देतील, हेही तिला चांगलंच माहीत होतं.

“तीस वर्षं शिकवतोय मी,” सर म्हणाले. “मला वही वाचून शिकवायची वेळ आलेली नाही, मॅडम.”

“बरं, सर.”

त्या रात्री तिला छान झोप लागली. हे सांगायला हवं, कारण चांगल्या बाईला अशा रात्री झोप लागत नाही असं लोकांना वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला समिती आली. अध्यक्ष होत्या पुण्याच्या एक साठीच्या बाई, सुती साडी, पांढरे केस, बोलणं कमी. सोबत दोन पुरुष सदस्य. शाल-श्रीफळ झालं, गुलाबजाम झाले. हॉलमध्ये चोवीस नवीन प्राध्यापक आपापल्या वाट्यांसमोर बसले होते. ज्ञानोबांनी प्रत्येकी पंधरा चिंचोके मोजून ठेवले होते. समितीच्या टेबलावरही तीन वाट्या होत्या.

“हे आमचं दाद देण्याचं साधन,” कृष्णराज सर समितीला म्हणाले. चोवीस जणांपैकी दोघा-चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मागच्या भिंतीशी उभ्या राजेश्वरीकडेही पाहिलं. तिने मान खाली घालून घड्याळ बघितलं. सरांची काहीतरी गंमत असेल, असं समजून पोरं गप्प बसली.

धड्यात दोन विद्यार्थिनींचं काम होतं. उभी राहणारी मुलगी झाली क्षमा, नळदुर्गच्या कॉलेजात नुकतीच लागलेली, स्वतः बौद्ध घरातली, घरातली पहिलीच शिकलेली. शेजारची मुलगी झाला कुलदीप, कारण बाकी कुणी तयार होईना, आणि त्याने खांद्यावर रुमाल घेतल्यावर सगळे हसले. दोघांच्या हातात संवादाचा कागद होता. वाट्या त्यांच्याही समोर होत्या.

सर सुरू झाले. आधी हजेरी, चेहऱ्याकडे न बघता, नुसते नंबर. कुठेतरी टण वाजलं. मग फळ्याकडे वळून इंग्रजीत व्याख्या लिहीत राहिले, पाठमोरे, तीन मिनिटं. टण. टण. “हे बारावीत झालेलंच आहे, ज्यांना येत नसेल त्यांनी आपली जागा ओळखावी.” टण टण टण. वाट्या वाजू लागल्या तसा सरांना जोर चढला. ते खडू बोटांत खेळवत पुढे आले, आवाज चढला, दर वाटीगणिक ते समितीकडे बघून हलकंसं हसत होते. त्यांना वाटत होतं, दाद चालली आहे! मागच्या भिंतीशी राजेश्वरीच्या अंगात गारवा पसरत होता, उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसा. एकवीस वर्षं ती या आवाजाची वाट बघत होती.

समितीच्या अध्यक्ष बाईंनी शेजाऱ्याला काहीतरी हळूच विचारलं, वहीत टिपलं आणि आपल्या वाटीशेजारचा एक चिंचोका बोटांत धरून ठेवला.

“कॅटॅलिस्ट म्हणजे काय? कोण सांगतंय?”

क्षमा उभी राहिली. “उत्प्रेरक, सर.”

“हे काय, देवाचं नाव आहे का?”

कागदावर लिहिल्याप्रमाणे कुलदीपने रुमाल तोंडावर धरला आणि खिदळला. हॉलभर टणाटण झाली. सर खुशीत आले. गाव विचारलं, मार्क विचारले, फी विचारली. क्षमा कागद बघून उत्तरं देत होती. कागदावर पुढे लिहिलं होतं : ‘शिक्षक मुलीला बसायला सांगतो.’ बस, एवढंच.

पण सर तिथे थांबले नाहीत. हात झटकून, सहज, पुढचा शब्द आपोआप तोंडात यावा तसे ते म्हणाले, “बस खाली. तुम्हा लोकांचं काय, न शिकताही होऊन जातं.”

हे वाक्य कागदावर नव्हतं.

राजेश्वरीने एकवीस वर्षांपूर्वी हेच ऐकलं होतं. शब्द तेच होते, हात झटकणंही तेच. क्षमाने कागदाकडे पाहिलं, ओळ शोधली, सापडली नाही, आणि मग मान वर करून सरांकडे पाहिलं. ती आता धड्यातली मुलगी नव्हती. क्षणभर एकही वाटी वाजली नाही. मग सगळ्या वाजल्या, अध्यक्ष बाईंचीही.

“धन्यवाद!” कृष्णराज सर म्हणाले आणि कपाळ पुसलं. “पाहिलंत ना, प्रतिसाद कसा असतो?”

अध्यक्ष बाईंनी क्षमाला विचारलं, “बाळा, तू चिंचोका कधी टाकतेस?”

“चूक दिसली की, मॅडम,” क्षमा म्हणाली. “एका चुकीला एक. पहिल्या दिवशी राजेश्वरी मॅडमनी तसंच सांगितलंय.”

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं, फक्त त्याला काही अर्थ उरला नाही. “नाही, म्हणजे, तसं नाही,” ते म्हणाले. अध्यक्ष बाईंनी अहवालाचं पान उघडून ते दाद देण्याचं वाक्य मोठ्याने वाचलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर सरांना बरं वाटलं असतं. मग अध्यक्ष बाईंनी मार्गदर्शकाची वही मागवली. ज्ञानोबांनी बाटली उचलून हिरवी वही आणली. पुठ्ठ्यावर पाण्याचा गोल डाग पडला होता. बाईंनी चौथ्या धड्याचं पान वाचलं, मागची बारा चुकांची यादी वाचली आणि वही सदस्यांकडे सरकवली.

“संचालक, आपण रचलेल्या अभ्यासक्रमातला हा धडा वाईट आहे, हे आपल्याला माहीत नव्हतं?”

सरांनी राजेश्वरीकडे बोट केलं. “यांनी मुद्दाम... यांनी मला सांगितलं नाही!”

“काल सांगितलं, सर,” राजेश्वरी म्हणाली. “वही बघून घ्या म्हटलं. ज्ञानोबा होते तिथं.”

“व्हय, म्या चा घिऊन हुबा होतो,” ज्ञानोबा म्हणाले. “सायेब म्हनले, तीस वर्सं शिकवतोय.”

अध्यक्ष बाईंनी फाईल मिटली. “हा प्रस्ताव आम्ही या नावाने पुढे नेऊ शकत नाही. ज्याने रचना केली त्याच्या नावाने नव्याने यावा.” मग त्यांनी विचारलं, “राजेश्वरीताई, हा धडा फार खरा आहे. तो कुणाचा आहे?”

हाच प्रश्न. याच प्रश्नासाठी तिने सहा वर्षं काढली होती.

“दोन हजार चार सालचा,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज खणखणीत निघाला. “तास घेणारे सर इथंच खडू घेऊन उभे आहेत. मुलीचं नाव चांगुणा. तालुक्यात दुसरी आली होती. त्या तासानंतर ती परत आली नाही.”

“खोटं आहे!” कृष्णराज म्हणाले. “मला असलं काही आठवत नाही.”

“तुम्हाला आठवायची गरजच पडली नाही, सर. पण शेवटचं वाक्य मी कागदावर लिहिलंच नव्हतं. ते तुम्ही आत्ता तुमच्या तोंडाने सांगितलंत.”

सर खुर्ची शोधू लागले. जवळ खुर्ची नव्हती आणि कुणी उठून दिली नाही. राजेश्वरीने ते डोळे भरून पाहिलं. तिला दया आली नाही. येईल असं तिला कधी वाटलंही नव्हतं.

इथेच सगळं संपायला हवं होतं. पण वाट्या मोजायच्या राहिल्या होत्या, आणि नियम म्हणजे नियम. पोरांनी मोजायला सुरुवात केली. कुणाच्या नऊ, कुणाच्या अकरा, कुलदीपच्या तेरा. बारा यादीतले आणि तेरावा सरांच्या जास्तीच्या वाक्याचा.

“माझे चौदा आहेत,” क्षमा म्हणाली.

“चौदावा कशाचा?” अध्यक्ष बाईंनी विचारलं.

क्षमाने कुलदीपकडे पाहिलं. “शेजारची मुलगी हसते, मॅडम. रुमाल तोंडावर धरून. यादीत ती चूक नाही, कारण ती शिक्षकाची नाही. पण मी तिथं उभी होते ना. सरांचं बोलणं एवढं लागलं नाही. कुलदीप हसला ते लागलं. खोटं खोटंच हसला, तरी.”

राजेश्वरीला लोहाऱ्याची जीप आठवली. गाठोड्यावर हात ठेवून बसलेली चांगुणा आठवली. काही वाईट न वाटून घेता, नुसतं सांगून टाकल्यासारखी ती म्हणाली होती, “सरांचं सोड गं. ते सर होते. तू हसलीस बग, ते न्हाय इसरले.” आणि राजेश्वरी पुढच्याच फाट्यावर उतरली होती. तिला तिथे उतरायचं नव्हतं. मुरुमची गाडी मिळेपर्यंत ती दोन तास उन्हात उभी राहिली होती. तिथेच तिने चौथा धडा लिहायचं ठरवलं होतं.

कृष्णराज सरांच्या ते सगळ्यांत आधी लक्षात आलं. बुडणाऱ्या माणसाचं डोकं कधी कधी फार झटकन चालतं. “ती शेजारची मुलगी कोण होती?” ते ओरडले. “एवढं तंतोतंत कुणी लिहिलं? तुम्हीच ना? म्हणजे तुम्हीही हसलात!”

सगळ्यांच्या माना मागच्या भिंतीकडे वळल्या.

“हसले,” राजेश्वरी म्हणाली. “म्हणूनच एकवीस वर्षं तुमच्या मागे आहे.”

ती पुढे आली. क्षमाच्या वाटीत बोटं घालून तिने एक चिंचोका उचलला आणि हिरवी वही उघडून यादीच्या पानावर ठेवला.

“तेरा तुमचे आहेत, सर,” ती म्हणाली. “ते मी तुम्हाला सोडणार नाही. हा एक माझा.”

मग तिने फळा पुसला, अध्यक्ष बाईंची परवानगी घेतली आणि क्षमाला म्हणाली, “कागद ठेव खाली. पुन्हा उभी राहा. कॅटॅलिस्ट म्हणजे काय?”

क्षमा उभी राहिली. बाकी तेवीस जणांचे हात वाट्यांपाशी थांबले होते.

“उत्प्रेरक, मॅडम.”

राजेश्वरीला ‘बरोबर’ म्हणायचं होतं. एवढा एकच शब्द. पण तो एकवीस वर्षं उशिरा आला होता, आणि ज्या मुलीला म्हणायचा ती लोहाऱ्यात ब्लाऊज शिवत होती. राजेश्वरी फळ्यापुढे नुसतीच उभी राहिली. बराच वेळ गेला, तेव्हा शेवटच्या रांगेतून कुणीतरी, बरोबर उत्तराला बरोबर न म्हणणं हीही चूकच म्हणून, एक चिंचोका वाटीत टाकला.